गाडीला मागणी

शुक्रवारचं जेवण उरकलं. मन्सफच्या परातीत ताकातल्या मटणाखालचा भाताचा डोंगर अजून अर्धा शिल्लक होता. तेवढ्यात तमामने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की गाड्यांच्या व्यापाऱ्याने, अबू निम्रने, पुन्हा तारीख पुढे ढकलली.

"कुठवर?" तिच्या थोरल्या भावाने, शाहेरने विचारलं.

"जहाज आलं की."

"आणि जहाज कधी येणार?"

"समुद्र मोकळा झाला की."

शाहेरने दुःखाने मान हलवली. त्याची बायको रुदैना समोरच बसली होती. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खरं दुःख कोणतं आणि खोटं कोणतं, हे ती लांबूनही ओळखायची. हे खोटं होतं. खालच्या मजल्यावर बाबा आणि तमाम, वरच्या मजल्यावर शाहेर आणि रुदैना, अशी त्या घराची मांडणी होती. बाबांच्या गोळ्या, बाबांची मसूरची आमटी, बाबांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी, सगळं तमाम बघत होती. तोवर शाहेरला शुक्रवारी खाली उतरून हात धुऊन बसण्यापलीकडे काम नव्हतं.

आणि आता तमामला बढती मिळाली होती. खोऱ्यातल्या एका गावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. एकेचाळिसाव्या वर्षी, बिनलग्नाची, निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या हाताखाली व्याकरण शिकवून झाल्यावर. पुढच्या रविवारी शाळा उघडत होती. त्या दिवशी ती हजर झाली नाही, तर जागा यादीतल्या तिच्या मागच्या बाईला जाणार होती. घर होतं त्या सल्तहून त्या गावाला जाणारी बस पोचायची तेव्हा मुलींची दुपारची सुट्टी झालेली असायची. तिथे खोली घेऊन एकटीने राहायचं नाव काढलं तर बाबा जेवण सोडायचे. रोज एवढ्या उतारा-चढावर पेट्रोल जाळायचं तर पगार पंपावरच संपला असता. म्हणून तिने वसंतात चिनी बनावटीची एक पांढरी विजेची गाडी नोंदवली होती. आता अंजिरं पिकून गळायला लागली तरी गाडीचा पत्ता नव्हता.

"जाऊ दे," शाहेर म्हणाला. "नशिबात नसेल. इथल्या शाळेत काय वाईट आहे? घराला लागून आहे."

"विजेची गाडी पावसात चालते का?" बाबांनी विचारलं. त्यांनी संभाषणाचा एवढाच भाग ऐकला होता. "शॉक लागतो म्हणे."

"नाही लागत, बाबा."

"अबू सलीमच्या मेव्हण्याला लागला होता."

"तो फ्रीज होता, बाबा."

तमाम उठून परात उचलायला लागली. जाता जाता तिने रुदैनाकडे बघून सांगितलं, "वहिनी, पुढच्या वेळी जमीदचा सुक्या दह्याचा गोळा आदल्या दिवशीच भिजत घाल. आज ताकाला गुठळ्या होत्या."

रुदैनाने त्या क्षणी ठरवलं की ही बाई मुख्याध्यापिका झालीच पाहिजे. रोज पहाटे ही खोऱ्यात उतरेल आणि रोज कुणा दुसऱ्याच्या गुठळ्या मोजेल. नणंदेवर तिचा जीव नव्हता असं नाही. पण खालच्या स्वयंपाकघरात एक दिवस आपल्या मनासारखा रस्सा करून बघावा, ही तिची जुनी इच्छा होती.

"जाहा न्या," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कुणाकडे?" शाहेर म्हणाला.

"अबू निम्रकडे. झर्क्याला. चार वजनदार माणसं न्या, त्याच्या घरी बसा, समोर कॉफी ठेवली की हात लावू नका. गाडी देतो म्हणेपर्यंत."

"अगं, जाहा मुलगी मागायला नेतात. खून झाला तर तह करायला नेतात."

"इथे खून होण्याआधीच न्या. तेवढेच श्रम वाचतील."

बाबांनी यंत्र कानात नीट बसवलं. "कुणाला मुलगी बघताय?"

"गाडी, बाबा. गाडीला मागणी घालायची."

बाबांनी थोडा वेळ विचार केला. "मग भाऊला सांगावं लागेल," ते म्हणाले.

भाऊ म्हणजे अबू मिस्काल, बाबांचे वडीलभाऊ. सल्तमध्ये चाळीस वर्षं कुठलीही जाहा त्यांच्यावाचून निघाली नव्हती, आणि त्यांच्या समोरचा कप भरलेला परत गेला असं कुणी पाहिलं नव्हतं. शाहेरच्या जिवात जीव आला. गेल्या हंगामात ऑलिव्हच्या झाडांच्या वाटणीवरून त्याचं आणि काकांचं वाजलं होतं, तेव्हापासून ते एकमेकांना फक्त मयताच्या घरी सलाम करत. शिवाय विजेच्या गाडीबद्दल काकांचं मत सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"काकांना विचारा की," तो उदारपणे म्हणाला. "मी कशाला नाही म्हणू?"

*

तमाम दुसऱ्या दिवशी काकांकडे गेली तेव्हा ते अंगणात माळ ओढत बसले होते. तिने सगळं सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"विजेची गाडी म्हणजे खेळणं," ते म्हणाले. "ज्याच्यातून धूर निघत नाही ते वाहन नव्हे."

"हो, काका."

"आवाज नाही. माणूस येतोय की जातोय कळत नाही. चोराला बरी."

"हो, काका."

"पांढरी की करडी?"

"पांढरी."

"मागची सीटसुद्धा गरम होते, ती?"

तमामने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"लोक बोलतात." काकांनी माळेचे दोनतीन मणी घाईने सरकवले. "आता मला सांग, शाळेत मुली किती?"

"दोनशेच्या वर असतील."

"आणि तू त्यांची मोठी बाई."

"पोचले तर."

काका बराच वेळ भिंतीवरच्या वेलीकडे बघत राहिले. तमामला वाटलं, आता ऑलिव्हचा विषय निघणार. निघाला नाही.

"तुझ्या भावाला सांग, गुरुवारी दुपारची नमाज झाली की निघायचं. इस्त्रीचा झब्बा घालून ये म्हणावं. आणि तुझ्या बापाच्या यंत्राला नवी बॅटरी घाल. मागच्या जाहेत तो मुलीच्या बापाचंच अभिनंदन करून बसला होता, होकार यायच्या आधी."

*

अबू निम्रने गुरुवारी वरच्या खिडकीतून खाली बघितलं तर गल्लीत गाड्यांची रांग लागली होती आणि तिच्यातून दाढीवाले, काठीवाले, अंगावर मानाचे तपकिरी झगे, अबाया, घेतलेले पुरुष उतरत होते.

"जाहा आली," तो बायकोला म्हणाला.

"कुणासाठी? हनीनसाठी? ती नऊ वर्षांची आहे."

"मला काय ठाऊक?"

"तुझ्या भावाने कुणाला गाडीखाली घेतलं का?"

"त्याची गाडी बंद पडून दोन महिने झाले."

"मग खाली जा आणि विचार. मी कॉफी टाकते. वेलदोडे संपत आलेत, आधी सांगून ठेवते."

अबू निम्र खाली आला, सगळ्यांचे हात हातात घेतले, आणि सगळ्यांत पुढे अबू मिस्काल बघून त्यांचा हात सोडायलाच विसरला.

कारण अबू मिस्कालांची गाडी त्याच सकाळी आली होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे थोर गृहस्थ एकटेच त्याच्या अंगणात आले होते, चेहऱ्यावर रुमाल बांधून. अर्धा तास त्यांनी एका पांढऱ्या गाडीचं प्रत्येक बटण दाबून पाहिलं होतं. मग तशीच एक नोंदवली होती, आणि अबू निम्रकडून शपथ घेतली होती की हे कुणाला कळता कामा नये. 'मी सगळ्या सल्तमध्ये हिला खेळणं म्हणतो,' ते म्हणाले होते. 'रस्त्यावर आणली की मग बघू.' आता जहाजातून एकच पांढरी गाडी उतरली होती, आणि मानाखातर त्याने ती तमामच्या आधी त्यांच्या नावावर लावली होती. घरी फोन केला असता तर बायको-मुलांनी उचलला असता. म्हणून अबू निम्र विचार करत होता की निरोप कसा द्यावा. आणि निरोपाचा मालकच लवाजमा घेऊन दारात उभा होता.

सगळे बसले. कॉफी आली. प्रत्येकाच्या हातात छोटा कप गेला आणि प्रत्येकाने तो न पिता समोरच्या टेबलावर ठेवला. अबू मिस्काल उठून उभे राहिले.

त्यांनी अल्लाची स्तुती केली. मग पैगंबरांवर दरूद. मग झर्क्याची, मग अबू निम्रच्या आजोबांची, ज्यांना ते कधी भेटले नव्हते. शाहेर भिंतीला टेकून ऐकत होता. तो आला होता, कारण न येणं वाईट दिसलं असतं. बाबा त्याच्या शेजारी होते.

"आम्ही तुझ्या दारी एक शब्द घेऊन आलोय," काका म्हणत होते. "आमच्या घरच्या मुलीला वाट बघायला लावू नकोस. ती गुणी आहे, शिकलेली आहे, तिची वेळ निघून चाललीय. तिची गाडी तू आज दे. ही कॉफी आमची, पण तुझं उत्तर आल्याशिवाय तिला हात लागणार नाही."

ते बसले. खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

"शेखसाहेब," अबू निम्र चाचरत म्हणाला, "तुमचं येणं मला शिरसावंद्य. पण जहाजच अडकलंय. मी काय समुद्र ओढून आणू?"

याच वेळी शाहेरच्या लक्षात आलं की बाबांनी आपला कप उचललाय.

बाबांना बोलणं लांबलं की तहान लागायची. नवी बॅटरी होती, पण घामाने यंत्र कानातून निसटून खांद्यावर लोंबत होतं, त्यामुळे त्यांना वाटलं की झालं सगळं. मागणाऱ्याच घरातला म्हातारा होकाराआधी कॉफी प्याला, तर मागणीत काही दम नव्हता असं सगळे समजणार, आणि उठून घरी जाणार. बाबांचा हात थरथरायचा, म्हणून कप सावकाश वर येत होता.

शाहेरने फक्त दुसरीकडे बघायचं होतं. बस एवढंच. तो छताकडे बघायला लागला. छताला एक झुंबर होतं. त्याने झुंबराचे दिवे मोजायला सुरुवात केली.

"आणि खरं सांगू का," अबू निम्र बोलत होता. घाबरला की तो भलतंच बोलायचा. "बाईमाणसाने रोज एवढं लांब जायचं कशाला? घरात भाऊ आहे म्हणे. त्याला बहीण पोसणं जड झालंय का? तुमच्याकडे खायला कमी आहे का?"

झुंबराचे दिवे शाहेरच्या डोळ्यांसमोर फिरले.

त्याने एका हाताने बाबांचं मनगट पकडलं, ओठांपासून बोटभर अंतरावर. दुसरा हात त्याने अबू निम्रकडे रोखला.

"माझ्या बहिणीला कुणी पोसत नाही," तो म्हणाला. "ती आम्हाला पोसते. सल्तमधल्या निम्म्या बायकांना लिहायला तिने शिकवलं. तुझ्या दुकानात पावत्या लिहिणारी मुलगीसुद्धा तिच्याच हाताखालून गेलेली असेल. ती मुख्याध्यापिका झालीय, तुझ्या मेहेरबानीने नाही. आणि तू जहाजाच्या गोष्टी सांगतोस."

"सोड," बाबा म्हणाले. "सांडेल."

"मी फक्त म्हणालो," अबू निम्र म्हणाला, "की म्हातारे वडील आहेत, त्यांचं कोण बघणार…"

"मी बघणार," शाहेर म्हणाला.

हे शब्द त्याच्याच तोंडून बाहेर पडले. त्याने आजूबाजूला बघितलं. सल्तमधली सगळी मोठी माणसं तिथे बसली होती आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. कोपऱ्यातला एक गृहस्थ म्हणाला, "अल्ला तुझं भलं करो," आणि त्यावर बाकीचे आमीन म्हणाले. झालं ते झालं. शाहेरने बाबांच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला आणि खाली बसला. त्याला मसूरची आमटी कशी करतात ते आठवेना, कारण ते त्याला कधीच माहीत नव्हतं.

अबू मिस्कालांनी पुतण्याकडे बघितलं. ऑलिव्हच्या भांडणानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. मग ते घरमालकाकडे वळले, आणि आता त्यांचा आवाज धर्मशाळेसारखा प्रशस्त झाला.

"तुझ्या अंगणात आज एकही पांढरी गाडी नाही, असं कुराणावर हात ठेवून सांग."

अबू निम्रने टेबलावरच्या भरलेल्या कपांकडे बघितलं.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "एक आहे. पण ती दुसऱ्याची आहे."

"कोण आहे तो?"

"सांगता येत नाही. शपथ आहे."

"मग मी सांगतो. तो कुणीही असो. मुली दारात उभ्या राहतील आणि त्यांची बाई घरी बसेल, आणि हा माणूस गाडीतून भाजी आणायला जाईल? त्याला काय घाई आहे?"

"घाई नाही त्याला तशी."

"मग त्याची जबाबदारी माझी. मी त्याच्याशी बोलीन. त्याने ऐकलं नाही तर या दाढीवर वस्तरा फिरवा."

"शेखसाहेब, जरा दमाने. शब्द परत घेता यायचा नाही."

"मी कधी शब्द परत घेतलाय?"

अबू निम्रने कपाळ पुसलं. शपथ मोडायची नव्हती आणि जाहाही परत पाठवायची नव्हती. त्याने शब्द एकेक करून पुढे ठेवायला सुरुवात केली.

"तो माणूस वयाने मोठा आहे, शेखसाहेब. फार मानाचा आहे. उन्हाळ्यात एकटा आला होता. चेहऱ्याला रुमाल बांधून."

काकांची माळ चालू होती.

"अर्धा तास बसला होता गाडीत. मागची सीट गरम होते का, ते मागे बसून बघितलं त्याने. जूनमध्ये."

माळ थांबली.

शाहेर शेजारीच होता. त्याने काकांच्या मानेवर लाली चढताना पाहिली, खालून वर, चहात दूध पसरावं तशी सावकाश. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याला हसू दाबण्यासाठी पुन्हा झुंबराकडे बघावं लागलं.

टेबलावरची कॉफी निवत चालली होती. बाबा खांद्यावरचं यंत्र शोधत होते.

"हा माणूस," काका शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता नेहमीच्या माणसासारखा झाला होता, "समजूतदार आहे का?"

"आजवर तरी तसं ऐकलंय," अबू निम्र म्हणाला.

"त्याला मग कधी मिळेल?"

"बाईंची गाडी पुढच्या जहाजाने येईल. ती त्याला."

"समुद्र मोकळा झाला की."

"इन्शाल्ला."

काकांनी कप उचलला. कॉफी थंडगार झाली होती आणि वेलदोडे कमी पडले होते. त्यांनी ती एका दमात प्यायली आणि कप खाली ठेवताना दोनदा हलवला, म्हणजे आणखी नको. मग खोलीतल्या सगळ्यांनी आपापले कप उचलले. आतल्या दाराआडून अबू निम्रच्या बायकोने, नक्की कशाबद्दल ते माहीत नसतानाही, आनंदाची किलकारी दिली.

"आता पिऊ का?" बाबांनी विचारलं.

"प्या," शाहेर म्हणाला.

*

रविवारी उजाडता उजाडता तमाम बाहेर आली तर गाडीजवळ काका उभे होते. हातात काठी, अंगावर जाहेला घालायची अबाया.

"पहिल्याच दिवशी बाईने एकटीने जाऊ नये," ते म्हणाले, आणि तिने काही बोलायच्या आत मागचं दार उघडून बसले.

वरच्या खिडकीतून रुदैना बघत होती. तिच्या मागे स्वयंपाकघरात शाहेर मसूर निवडत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता की हा खडा आहे की डाळ. रुदैना उत्तर देत नव्हती. आपल्या मनासारखा रस्सा करायचा बेत तिने दुपारवर टाकला होता, कारण हे बघण्यात तिला अधिक मजा वाटत होती.

गाडी घाटातून आवाज न करता उतरायला लागली. तमाम दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसली होती.

"उतारावर पाय सोड," मागून काका म्हणाले. "ब्रेक नको. ती आपली आपण थांबते आणि थांबताना वीज परत भरते."

तिने पाय सोडला. खरंच तसं झालं.

"डावीकडचं तिसरं बटण दाब. काचेवरचं धुकं जाईल."

तेही गेलं. पुढच्या वळणावर तमामने आरशात बघितलं. काका मागच्या सीटवर पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून बसले होते. ऑक्टोबर अजून लागला नव्हता, तरी त्यांनी सीट गरम करायचं बटण लावलं होतं. चेहऱ्यावर घाम होता आणि समाधान होतं.

तमामने आणखी दोन वळणं घेतली. मग तिने विचारलं, "काका, ही तुमची होती ना?"

"रस्त्याकडे बघ," काका म्हणाले.

"तुम्हाला घाई नव्हती?"

"मला कुणी शाळेत बोलावलं नव्हतं."

केळीच्या बागा लागल्या, मग गाव लागलं. शाळेच्या फाटकासमोर निळ्या गणवेशातल्या मुली उभ्या होत्या. गाडीचा आवाज न आल्यामुळे त्या जागच्या हलल्या नाहीत. तमामला हॉर्न वाजवावा लागला. मुली बाजूला झाल्या, मग काचेतून आत बघून त्यांच्यात कुजबुज पसरली, आणि कुणीतरी धावत आत सांगायला गेलं की मोठ्या बाई आल्या.

तमाम उतरली. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, एकदा शाळेच्या पिवळ्या भिंतीकडे बघितलं, आणि मुलींच्या गर्दीतून आत निघून गेली. मागे वळून बघायचं तिला सुचलं नाही.

काका सावकाश खाली उतरले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांची अबाया बघितली, काठी बघितली, आणि पुढे होऊन अदबीने विचारलं, "आपण कोण, हाजी? कुणाची ओळख सांगू आत?"

चाळीस वर्षं अबू मिस्कालांनी दुसऱ्यांच्या दारात उभं राहून दुसऱ्यांची ओळख करून दिली होती, स्तुतीसकट. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मी बाईंबरोबर आलोय," ते म्हणाले. "सुटेपर्यंत थांबेन. सावलीत एक खुर्ची असेल का?"